दाताची कॅप : इंपोर्टेड का लोकल?

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका क्लिनिकमध्ये कॅप बदलून घेतली. जुनी लोकल लॅबची, आत मेटल वर सिरॅमिक, तीन वर्षांत हिरडीपाशी काळी रेघ दिसायला लागली आणि एक दिवस कडक भाकरी खाताना टवकाच उडाला. तेव्हाच्या डॉक्टरांना विचारलेलं आत धातू कुठला, तर म्हणे चांगलाच असतो की ओ! अहो पण निकेल-क्रोमियम का कोबाल्ट-क्रोमियम ते सांगा ना, मला घड्याळाच्या पट्ट्यानं पण खाज येते, निकेल चालत नाही. आता झिर्कोनियाची, म्हणजे आत धातू नसलेल्या मजबूत सिरॅमिकची बसवली, ज्यातून कॅप कापतात तो ब्लॉक इंपोर्टेड पण कटिंग इथलंच, वॉरंटी कार्ड मागितल्यावर मिळालं. महाग आहे, दोनदा घासून घ्यावी लागली, पण शेंगाचटणी आरामात चावतोय. चार स्टार.