फिटच्या ऑपरेशनचा सल्ला, नागपूरची ओपीडी: 4 स्टार

लहान्या भावाले दोन-दोन गोळ्या चालू तरी फिट थांबेना, म्हणून यवतमाळहून नागपूरले नेलं. लाइन म्हणजे बाप्पा, नंबर लागेस्तोवर डबा संपते. पण डॉक्टरनं एमआरआयची फिल्म लाइटवर धरून हिप्पोकॅम्पस, म्हंजे मेंदूतला आठवणीचा भाग, कसा आकसला ते बोटानं दाखवलं, मंग कळलं. टेम्पोरल लोबचा (मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा) पुढचा भाग काढला तर फिट थांबाचा चान्स जास्त, 2001 च्या कॅनडातल्या अभ्यासात वर्षभरानं ऑपरेशनच्या गटातले 58 टक्के शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मोकळे अन् निस्त्या गोळ्यावाले 8 टक्के. लेझरच्या ऑपरेशनमंदी तो भाग उष्णतेनं जाळतात, कवटीले बारीक भोक, सुट्टी लवकर, पण फिट बंद व्हायचं प्रमाण थोडं कमीच. ऑपरेशन मेंदूच्या डाव्या बाजूले असन तर नावं-शब्द आठवाले त्रास होऊ शकते, हे त्यायनं न विचारता सांगतलं. खर्चाचं मात्र काउंटरवर कोणी धड बोलत नाई, एक स्टार त्याचाच कापला.