‘देशी रासबेरी’ची तीन रोपं, त्यातली खरी दोन

गोरेगावच्या एका नर्सरीतून गेल्या जूनमध्ये ‘देशी रासबेरी’ अशी चिठ्ठी लावलेली तीन रोपं आणली, दीडशे रुपयांना एक. माझं माहेर महाबळेश्वरच्या बाजूचं. तिकडे आम्ही ह्याला गौरीफळ म्हणतो. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत शाळेतून येताना ओंजळभर खायचो आणि जांभळी जीभ घेऊन घरी जायचो. म्हणून चिठ्ठी वाचून पाय तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी निवांत पाहिलं. एका रोपाचं पान खुडलं, तर देठातून दुधासारखा पांढरा चीक आला. काटा औषधालाही नाही. ती तुती होती! तुतीही चांगलीच, पण तिचं झाड होतं, माझ्या दोन फुटांच्या गॅलरीत ती कुठे लावू?

उरलेली दोन मात्र अस्सल निघाली. गौरीफळाच्या फांदीवर पांढरी भुकटी असते, बोट फिरवलं की खालचा जांभळट रंग दिसतो. काटे मागे वळलेले, साडीला धरले की सोडत नाहीत. एका देठावर पाच ते नऊ पानं, वरून हिरवी आणि उलटून पाहिली तर पांढऱ्या लवेची. फुलं लहान, गुलाबी. फळ आधी लाल, पिकल्यावर काळंजांभळं. तीनच पानं, तांबूस केसाळ फांद्या आणि पिवळी फळं दिसली, तर तो उत्तराखंडातला हिसालू, रासबेरीचाच दुसरा प्रकार. आणि फळ तोडल्यावर आत बघा: रासबेरीचा गाभा झुडपावरच राहतो, फळ पोकळ टोपीसारखं हातात येतं. तुती देठासकट येते.

तक्रार घेऊन गेले. माळीदादांनी पान हातात घेतलं, चीक बघितला आणि म्हणाले, “ताई, चिठ्ठ्या बदलल्या गेल्या.” वाद न घालता पैसे परत दिले. हे मला मनापासून आवडलं. पण बाकीच्या तुतीच्या कुंड्यांवर तीच चिठ्ठी अजून होती, ती माझ्यासमोर काढायला लावली.

आठ महिने झाले, फळ अजून नाही. ह्याच्या फांद्या दुसऱ्या वर्षी फळतात, तेव्हा घाई नाही. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू दिलं नाही, एवढंच केलं. एक फांदी वाकून शेजारच्या तुळशीच्या मातीला टेकली आणि टोकाला मुळं फुटली, मला कळलंसुद्धा नाही. ह्याच झुडपाने पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर मूळच्या झाडांना जागा ठेवलेली नाही. म्हणून हौसेने कुणी गोरेगावच्या आरेच्या जंगलात किंवा टेकडीवर लावू नका, कुंडीतच ठेवा.

पाचपैकी साडेतीन तारे. जाणार असाल तर पैसे देण्याआधी एक पान उलटून बघा.