एका थाळीवर दोन थाळ्या फ्री : ओटीपी कुणालाच सांगितला नाही तरी 18 हजार गेले

पुण्यात मेसवर जेवणाऱ्या सगळ्यांना माहितीय, रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद. मग सदाशिव पेठ, नारायण पेठ भागातली रूमवरची सगळी पोरं-पोरी रविवारी संध्याकाळी मोबाईलवर स्वस्तात काय मिळतंय ते शोधत बसतात. फसवणाऱ्यांनाही हे बरोबर ठाऊक असणार, कारण माझ्या रूममेटला फेसबुकवर ती जाहिरात नेमकी रविवारी संध्याकाळीच दिसली.

शहरातल्या एका नावाजलेल्या थाळीवाल्या हॉटेलचं नाव, त्यांचाच लोगो, थाळीचा मस्त फोटो आणि खाली एका थाळीवर दोन थाळ्या फ्री. आम्ही रूमवर तिघी, म्हणजे तिघींचं एका थाळीच्या पैशात होणार होतं. (त्या हॉटेलचा यात काही दोष नाही, त्यांचं नाव वापरलं होतं फक्त, म्हणून नाव लिहीत नाहीये.)

तिनं नंबरवर फोन केला. समोरचा हिंदीत, अगदी गोड बोलत होता, मागे भांड्यांचा आवाज पण येत होता. म्हणाला मॅडम फक्त 10 रुपये ऑनलाईन भरून बुकिंग करा, बाकीचे डिलिव्हरी आल्यावर कॅश द्या. हे ऐकून कुणालाही वाटणार की 10 रुपयांसाठी कोण फसवेल? पण त्यांना ते 10 रुपये नकोच असतात. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल पाठवली, हॉटेलचं अ‍ॅप म्हणून. ती प्ले स्टोअरवरची नव्हती, एपीके फाईल होती, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट फोनमध्ये इन्स्टॉल होणारं अ‍ॅप. इन्स्टॉल करताना त्या अ‍ॅपनं एसएमएसची परवानगी मागितली, आणि आजकाल कुठलंही अ‍ॅप परवानग्या मागतंच त्यामुळे ती दिली गेली. मग फॉर्म आला, नाव, पत्ता, डेबिट कार्डचा नंबर, एक्स्पायरी, मागचा सीव्हीव्ही. 10 रुपयांचं पेमेंट फेल झालं, परत ट्राय करा म्हणाला, आणि तेवढ्यात खात्यातून एकामागून एक पैसे कटायला लागले.

आता नीट वाचा, मी हे लिहितेय ते यासाठीच. तिनं ओटीपी कुणालाही सांगितला नाही. त्यानं विचारलाच नाही. ते अ‍ॅपच तिचे मेसेज वाचून त्याच्याकडे पाठवत होतं. ओटीपी सांगू नका, सांगू नका एवढंच सगळीकडे ऐकवलं जातं, आणि त्यामुळे आपल्याला वाटतं की सांगितला नाही म्हणजे आपण सेफ. तसं नाहीये. कार्डची माहिती फॉर्ममधून गेली आणि ओटीपी मेसेजमधून, झालं काम.

लातूरकडची मुलगी आहे ती, घरच्यांनी सोयाबीन विकून क्लासच्या फीसाठी पाठवलेले पैसे होते ते. 18 हजार. रात्रभर घरी काय सांगू म्हणून रडत होती. या लोकांचा मला इतका राग येतो की सांगता येत नाही.

आम्ही जे केलं ते सांगते, कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल. आधी तिचा फोन एरोप्लेन मोडवर टाकून वायफाय बंद केलं, म्हणजे पुढचे ओटीपी तिकडे जायला नकोत. माझ्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाईनला सांगून कार्ड ब्लॉक केलं आणि लगेच 1930 ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, देशभर चालतो. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे फिरायच्या आत समोरच्या खात्यात अडकवायची शक्यता जास्त. तिचे थोडे पैसे असे होल्ड झालेत, बाकीचे तोवर निघून गेले होते. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर पण तक्रार केली, तो तक्रार नंबर जपून ठेवा, बँकेत आणि पोलीस स्टेशनला तोच विचारतात.

बँकेत गेल्यावर उत्तर मिळालं की ओटीपी वापरला गेलाय म्हणजे चूक ग्राहकाची. पण रिझर्व्ह बँकेनं जुलै 2017 मध्ये परिपत्रक काढलंय. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले असं ठरलं तरी बँकेला कळवल्यानंतर जो व्यवहार होईल त्याचं नुकसान बँकेनं सोसायचं, असं त्यात आहे. म्हणून फोन केल्याची वेळ आणि तक्रार नंबर लिहून ठेवा. आम्ही बँकेला लेखी अर्ज दिलाय आणि पोचही घेतलीय.

अजून एक, ऑर्डरचा रिफंड मिळवायला गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथे खोटे नंबर टाकलेले असतात. मदत हवी तर ज्या अ‍ॅपवरून ऑर्डर केली त्यातल्या हेल्पमध्येच जा. आणि पैसे आपल्या खात्यात यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की समजायचं पैसे जाणारेत.

पैसे वाचवायचेच असतील तर रविवारी आम्ही आता हॉटेलात चालत जाऊन पार्सल आणतो. डिलिव्हरी चार्ज नाही, प्लॅटफॉर्म फी नाही आणि बऱ्याच ठिकाणी काउंटरवरचा रेटच अ‍ॅपपेक्षा कमी असतो.

ते पेज आम्ही रिपोर्ट केलं, पण थाळीचा तोच फोटो आता दुसऱ्या नावाच्या पेजवर फिरतोय. दिसला तर तुम्हीही रिपोर्ट करा प्लीज, आणि रूमवर नवीन आलेल्या पोरांना आजच सांगा.