जंतांची तपासणी : लॅब चांगली, रिपोर्ट आळशी

मुलीला रात्री शीच्या जागी खाज सुटायची, म्हणून या लॅबमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने विचारपूस न करता शीची डबी पुढे केली. आतल्या टेक्निशियन बाईंनी मात्र लक्षणं ऐकली आणि डबी परत घेतली. पिनवर्मची (बारीक पांढऱ्या जंताची) मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, शीत ती बहुतेकदा सापडतच नाहीत. सकाळी उठल्याउठल्या, धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काचपट्टीवर लावून आणा, म्हणाल्या. आणली. मायक्रोस्कोपमधून मलाही पाहू दिलं: लांबट अंडी, एक बाजू चपटी. किळस आली, पण खात्रीही पटली.

रिपोर्टवर काय, तर नुसतं ‘ओव्हा सीन’, म्हणजे अंडी दिसली. कसली अंडी? फोन करून दुरुस्त करून घ्यावा लागला. डॉक्टरांनी अल्बेंडॅझोल घरातल्या सगळ्यांना दिलं, आणि औषधाने अंडी मरत नाहीत म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा.

यांचं ‘संपूर्ण जंत पॅकेज’ मात्र घेऊ नका. नमुना एकच घेतात. जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी रोज शीत उतरतोच असं नाही, त्यासाठी वेगवेगळ्या दिवसांचे नमुने लागतात. चार तारे, तेही बाईंमुळे.