घोट्याला बांधायची वजनं: शिलाईला दोन तारे, कामाला पाच

पार्सल फोडलं आणि सगळ्यात आधी मी वजनं उलटी करून शिवण बघितली. सवय आहे. बेचाळीस वर्षं इचलकरंजीत ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म शिवले, त्यामुळे कुठलीही शिवलेली वस्तू हातात आली की माझा अंगठा आपोआप शिवणीवर जातो. शिवणीला माया, म्हणजे टाक्याबाहेर सोडतात ते कापड, जेमतेम एक सूत. दोरा साधा, एकच टाका, आणि टोकाला उलटा टाका मारून पक्कं केलेलं नाही. आत वाळू. म्हणजे एका बाजूला एक किलो वाळू आणि तिला धरून ठेवायला परकराच्या नाडीला घालतो तेवढीशी शिलाई. मी नातीला तेव्हाच म्हटलं, ‘ही दोन महिने टिकली तर माझं नाव बदल.’ पाचव्या आठवड्यात फाटली. नाव शाबूत आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. असल्या वस्तू दहा नावांनी येतात आणि सगळ्यांचा फोटो एकच असतो. ६४९ रुपयांना जोडी, काळी, वेल्क्रोची पट्टी, बाजूला प्लास्टिकची कडी. ‘२ किलो’ असं मोठ्या अक्षरात छापलंय, ते दोन्ही मिळून. म्हणजे एका पायाला एक. घेताना हे नीट वाचा, समोरच्या वहिनींनी एका पायाला दोन किलोची मागवली आणि आता ती दाराला आडवी लावायला वापरतात.

मी ७३ वर्षांची. ही वजनं घ्यायची वेळ का आली ते सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीला काय खूळ. गेल्या जुलैत ताप आला. अकरा दिवस अंथरुणात. ताप गेला, तोंडाची चव आली, पण देवघरापुढच्या पाटावरून उठता येईना. दोन्ही हात जमिनीला टेकायचे, मग कपाटाची कडी धरायची, तेव्हा कुठं उभी. मला वाटलं अशक्तपणा आहे, आठ दिवसांत जाईल. तीन आठवडे झाले तरी तेच.

नात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीला आली आणि मला बिनहाताच्या खुर्चीत बसवून म्हणाली, ‘आज्जी, हात छातीवर घडी घाल आणि पाच वेळा उठून बस. मी मोबाइलवर वेळ लावते.’ एकोणीस सेकंद लागले. चौथ्या वेळी तर मी धप्पकन बसले. तिचं म्हणणं, आशियातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी डॉक्टरांनी २०१९ साली जी रेघ आखली ती बारा सेकंदांची. त्याहून जास्त लागले की पायांतलं मांस उतरलंय का ते बघायचं. मग तिनं हाताची पकड मोजायचं यंत्र दाबायला दिलं. तिथं काटा एकवीस किलोवर. बायकांसाठी अठराच्या खाली गेलं की काळजी. नात म्हणाली, ‘हात बरे आहेत तुझे.’ बरे असणारच, जन्मभर कात्री चालवली. आणि पायांचं म्हणाल तर २००९ साली मुलानं हौसेनं मशीनला मोटर बसवून दिली. तोवर पायमशीन होतं. हा हिशोब मी मनातच ठेवला, मुलाला बोलून दाखवला नाही.

रात्री जेवताना तिनं मला त्या अकरा दिवसांचं गणित सांगितलं. अमेरिकेत धडधाकट वयस्क माणसांना मुद्दाम दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं होतं. खाणंपिणं व्यवस्थित, आजार काही नाही. दहा दिवसांत पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. २००७ साली छापून आलंय. मला ते ऐकून बरं वाटलं, खरं सांगते. माझंच काही चुकलं नव्हतं. पण बरं वाटून उपयोग नाही, गेलेलं मांस ताप उतरल्यावर आपसूक परत येत नाही म्हणे.

आणखी एक बोटांवर मोजायचं प्रकरण तिनं शिकवलं. लिंडा फ्रीड म्हणून डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी २००१ साली म्हातारपणातल्या खचण्याची पाच लक्षणं ठरवली: न ठरवता वजन उतरणं, सतत थकवा, पकड ढिली, चाल मंद, हालचाल कमी. तीन बोटं दुमडली तर खचलेले, एक-दोन दुमडली तर काठावर. माझी दोन. त्या दिवसापासून घरात मला ‘काठावरची आज्जी’ म्हणतात.

आता वजनांकडे येते. ही नुसती जिमची फॅशन नाही. न्यूझीलंडमध्ये ओटॅगो नावाचं विद्यापीठ आहे, तिथल्या लोकांनी घरच्या घरी करायचा व्यायाम बसवला आणि डनेडिन गावात ८० च्या पुढच्या २३३ बायकांवर करून बघितला. निम्म्या बायकांना फिजिओनं दोन महिन्यांत चारदा घरी येऊन शिकवलं. बाकीच्या निम्म्यांकडेही माणूस जायचा, पण नुसत्या गप्पा मारायला. (हे मला फार आवडलं. नाहीतर कुणीतरी म्हणणारच की घरी माणूस आला म्हणूनच म्हातारीला हुशारी आली.) वर्षभरात गप्पावाल्या बायका मिळून १५२ वेळा पडल्या, व्यायामवाल्या ८८ वेळा. १९९७ सालची गोष्ट. पुढं असे चार प्रयोग एकत्र करून हजारावर माणसांचा हिशोब लावला, तरी पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमीच निघालं.

सामान काय लागतं? एक खुर्ची, धरायला ओटा, आणि घोट्याला बांधायची ही वजनं. बसून पाय सरळ करायचा, उभं राहून टाच मागं न्यायची, पाय बाजूला उचलायचा. मग वजन सोडून तोल सांभाळायचं काम: टाचेला चवडा लावून उभं राहायचं, आडवं चालायचं, मागं चालायचं, आकड्यातल्या आठासारखं फिरायचं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, आणि वर थोडं चालणं. मी सगळं स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून करते, म्हणून मुलानं त्याचं नाव ‘ओट्यागो’ ठेवलंय.

वस्तूचे दोष आता नीट सांगते.

वजन खोटं आहे. मला उजवा पाय जड वाटायचा. घरातले म्हणाले तुझा पायच कमजोर असेल. मी दोन्ही वजनं पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेली आणि काट्यावर ठेवायला लावली. एक ९४० ग्रॅम, दुसरं ८६५. साखर अशी तोलली असती तर त्या दुकानदाराला गल्लीनं उभं केलं नसतं.

पट्टी आखूड आणि कड खरखरीत. माझे घोटे संध्याकाळी सुजतात, तेव्हा वेल्क्रो जेमतेम दोन बोटं धरतो आणि पाय मागं नेला की ‘चर्र’ करून सुटतो. उघड्या कातडीवर बांधलं तर तिसऱ्या दिवशी लाल पट्टा उमटतो. मोजे घालून बांधा. साडीवर तर विचारूच नका, निऱ्या वर येतात आणि वजन घसरून टाचेवर. मी सलवार घालते तेवढ्या अर्ध्या तासापुरती. पैंजण असतील तर आधी काढा, माझ्या पैंजणाची एक कडी त्या वेल्क्रोत अडकून तुटली.

सगळ्यात मोठा दोष पाचव्या आठवड्याचा. पाय बाजूला उचलला आणि गुळगुळीत फरशीवर सर्रर्र आवाज. बारीक वाळूची धार. पडू नये म्हणून घेतलेली वस्तू, आणि तिनं माझ्या पायाखाली वाळू पसरली! ओटा घट्ट धरून मी तशीच उभी राहिले, सुनेला हाक मारली, तिनं झाडून घेतलं तेव्हा खाली बसले. कंपनीला फोटो पाठवले. परत घ्यायची मुदत सात दिवसांची होती असं उत्तर आलं, सोबत हात जोडलेलं चित्र.

मग मी मशीनचं झाकण काढलं.

इथं कॅनव्हास मिळायला अडचण नाही. अर्धा मीटर जाड कॅनव्हास, नायलॉनचा दोरा, अठरा नंबरची सुई, टाका मोठा. दोन सूत माया, डबल शिलाई, आणि आतून पाइपिंग म्हणजे कड टोचणार नाही. वाळू चाळून, धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवली; ओली राहिली तर कुबट वास येतो. ती एकत्र भरली नाही. पाव-पाव किलोच्या लहान पुरचुंड्या शिवल्या, प्रत्येक काट्यावर तोलून, दुधाच्या पिशवीत बंद करून मग कापडात. पट्ट्याला आठ खिसे, प्रत्येकाला वरून झडप. पुरचुंडी वाढवायची असली की खिशात सरकवायची. वेल्क्रो चार बोटं रुंद आणि वीतभर लांब.

हे खिशांचं डोकं माझं नाही, नातीचं. विकतच्या वजनाची खरी खोट तिनं दाखवली: ते एक किलोवर अडकतं. तिचा नियम असा, की नीट आठ-दहा वेळा उचलता येईल एवढ्यानंच सुरुवात करायची. दहादहाचे दोन फेरे सहज जमले की वजन वाढवायचं. वाढवलं नाही तर शरीराला कळतच नाही की काही मागितलंय. मी सुरुवातीला अर्ध्या किलोनंच दमत होते, तेव्हा कंपनीचं एक किलो मला जड होतं. चार महिन्यांनी तेच हलकं झालं असतं. दोन्ही वेळा निरुपयोगी.

मुलानं दरम्यान प्रोटीनच्या पावडरीचा डबा आणला होता, दीड हजाराचा, डब्यावर हसणारे आजी-आजोबा. नातीनं बापाला बॉस्टनचा प्रयोग ऐकवला. १९९४ साली तिथल्या वृद्धाश्रमातल्या १०० माणसांचे चार गट केले. सरासरी वय ८७. काहींना पायांचा जड व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. दहा आठवड्यांत व्यायामवाल्यांची ताकद दुपटीच्या वर गेली. नुसतं पेय पिणाऱ्यांचं काही हाललं नाही. ८७ व्या वर्षी दुप्पट! मी भात कालवता कालवता थांबले. डबा संपवला मी, पैसे गेलेले होते. चव चुन्यासारखी. आता दोन्ही वेळेला घट्ट डाळ, दुपारी ताकाऐवजी दही, आणि एकादशी सोडून रोज एक अंडं, जे मी सत्तर वर्षं खाल्लं नव्हतं आणि अजूनही नाक दाबूनच खाते.

आज जानेवारी संपत आला. पायाला पावणेदोन किलो बांधते. खुर्चीतून पाच वेळा उठायला साडेतेरा सेकंद. बाराची रेघ अजून ओलांडली नाही. एका पायावर नऊ सेकंद उभी राहते, आधी तीन. आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन रिक्षात चढताना रिक्षावाल्याचा हात लागत नाही. जमिनीवरून मात्र अजून एक हात टेकूनच उठते, ते खोटं कशाला सांगू. मधला आठवडाभर लग्नाला गेले, व्यायाम बुडाला, तर परत आल्यावर सव्वा किलोवर उतरावं लागलं.

घ्यायचीच असतील तर खिसेवाली, कमी-जास्त होणारी घ्या, थोडी महाग पडतात. घरी आणल्यावर काट्यावर तोला, आणि वापरण्याआधी कडेनं एक जाड शिलाई मारून घ्या. गुडघा बदललेला असेल, पायाच्या शिरा फुगल्या असतील, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिले काही दिवस फिजिओनं समोर उभं राहून शिकवलेलं बरं. मीच पाय झटकून उचलत होते, नातीनं बघितलं नसतं तर कंबर धरली असती.

तारे देताना मी अडले. वस्तूला दोन, तेही वेल्क्रो निदान काळा आहे आणि मळ दिसत नाही म्हणून. त्यामागच्या व्यायामाला पाच. ॲपवर तसं वेगळं देता येत नाही, म्हणून तिथं अडीच द्यायला गेले तर तेही घेत नाही. शेवटी दोन दाबले.

समोरच्या वहिनींनी त्यांच्या दोन किलोवाल्या उसवून आणून दिल्यात, खिसे करून हवेत. भिशीतल्या आणखी तिघींच्या जोड्या सांगितल्यात. शिलाई जोडीला १८० रुपये, कॅनव्हास माझा, वाळू ज्यांनी त्यांनी चाळून, वाळवून आणायची.