जपानी समाजावरची पुस्तकं: आधी बेनेडिक्ट की नाकाने?

जपानी भाषा शिकणारे, तिकडे नोकरीला निघालेले किंवा समाजशास्त्राचे विद्यार्थी, कुणीही 'जपान समजून घ्यायला काय वाचू?' असं विचारलं की पहिलं नाव येतं रूथ बेनेडिक्ट यांच्या 'द क्रिसँथिमम अँड द स्वोर्ड'चं. दुसरं, जरा हळू आवाजात, चिए नाकाने यांच्या 'जॅपनीज सोसायटी'चं. दोन्ही वाचणार असाल तर उत्तमच. पण सध्या एकाच पुस्तकाला सवड असेल तर मी नाकाने घ्यायला सांगेन. कारण त्यांचं पुस्तक लहान आहे आणि त्यात भारत आहे, नुसता उल्लेखापुरता नव्हे, तर युक्तिवादाचा आधार म्हणून.

आधी बेनेडिक्ट. पुस्तक १९४६ साली आलं, पण त्याचा जन्म युद्धकचेरीतला. १९४४मध्ये अमेरिकी सरकारला शत्रूचं मन वाचून हवं होतं आणि हे काम या मानववंशशास्त्रज्ञ बाईंकडे आलं. जपानला जाणं शक्यच नव्हतं. मग अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांच्या मुलाखती, जपानी चित्रपट, कादंबऱ्या आणि युद्धकैद्यांची माहिती यांवर त्यांनी सगळी इमारत उभारली. १९४८ साली त्या गेल्या, जपान न पाहताच. हे कळल्यावर काही जण पुस्तक बाजूला ठेवतात. मला तो उतावीळपणा वाटतो. न पाहिलेल्या समाजाची नीट जुळवाजुळव कशी करावी याचा हा धडाच आहे आणि गद्य इतकं सुरेख की कुठेही रटाळ होत नाही. उपकारांचं ओझं, ते फेडण्याची धडपड, दोन कर्तव्यांच्या कात्रीत सापडलेला माणूस, हे सगळं त्या सत्तेचाळीस रोनिनांच्या, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराई योद्ध्यांच्या, कथेतून उलगडतात तेव्हा खुर्चीवरून उठवत नाही.

खोट वेगळीकडे आहे. तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो यांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता की लष्करी मंडळींच्या मतांना बाईंनी सगळ्या जपानचा स्वभाव मानलं. आक्षेप रास्त आहे. सम्राटनिष्ठेचे बरेचसे धडे मेइजी काळापासूनच्या, म्हणजे १८६८ नंतरच्या, शाळा आणि बराकींनी पद्धतशीर गिरवून घेतले होते. बेनेडिक्ट वाचताना ते अनादि काळापासून रक्तात असल्यासारखे वाटतात. जपानची 'लज्जेची संस्कृती' (लोक काय म्हणतील याची) आणि पाश्चात्त्यांची 'अपराधभावाची संस्कृती' (स्वतःच्या मनाला काय टोचेल याची) ही त्यांची जोडीही अशीच, लक्षात पटकन राहते आणि मग जिथे तिथे लावली जाते.

नाकाने यांचं पुस्तक जपानीत १९६७ साली आलं, इंग्रजीत १९७०मध्ये. त्याच वर्षी त्या टोकियो विद्यापीठातल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. त्याआधी १९५०च्या दशकात त्यांनी भारतात क्षेत्रकार्य केलं होतं, ईशान्येकडच्या गारो आणि खासी समाजांत. म्हणून जपानकडे पाहताना त्यांच्या हातातला आरसा अमेरिकेचा नाही, आपला आहे.

त्यांचं मुख्य म्हणणं असं: माणसांचे गट दोन तऱ्हांनी बनतात, समान गुणधर्मावरून किंवा एकाच चौकटीत असल्यावरून. जात हे पहिल्या तऱ्हेचं ठळक उदाहरण, जपानी कंपनी दुसऱ्या तऱ्हेचं. तिथला माणूस ओळख करून देताना 'मी इंजिनिअर' म्हणण्याऐवजी आधी कंपनीचं नाव सांगतो. आणि चौकटीच्या आत नाती आडवी नसतात, उभी असतात: आधी रुजू झालेला वर, नंतरचा खाली. बैठकीत कनिष्ठ माणूस गप्प का बसतो, दोन कंपन्यांतले एकाच कामाचे लोक एकत्र का येत नाहीत, हे इथे नीट कळतं. नोकरीसाठी जाणाऱ्याला याचा उपयोग बेनेडिक्टपेक्षा कितीतरी जास्त.

सगळ्यात झकास भाग सासू-सुनेचा. नाकाने लिहितात की भारतातल्या खेड्यात सासू-सुनेचं भांडण मोठ्या आवाजात होतं, शेजारपाजारच्या बायका धावून येतात, शिवाय सुनेला माहेर असतं, भाऊ येत-जात असतात. जपानी सुनेला मात्र एकटीनेच निभवावं लागतं. घर नावाच्या चौकटीत बाहेरून आलेली सून आतली होते आणि लग्न होऊन गेलेली सख्खी बहीण परकी. भाऊबीज साजरी करणाऱ्या वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण नाकाने यांनाही सूट नको. त्यांचं जपान एकसंध आहे, बरंचसं पुरुषी आणि मोठ्या संस्थांमधलं. जातीशी तुलना करणाऱ्या पुस्तकात खुद्द जपानमध्ये अस्पृश्यतेसारखा भेदभाव सोसलेल्या बुराकुमिन समाजाची बाजू नीट यायला हवी होती. १८७१मध्ये कायद्याने त्यांना समान दर्जा मिळाला, तरी हक्कांसाठी १९२२ साली क्योतोत सुइहेइशा ही संघटना काढावी लागली. महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला ही उणीव खटकेलच, खटकावीही.

या दोघींसोबत ताकेओ दोई यांच्या 'द अनॅटमी ऑफ डिपेंडन्स'चंही नाव घेतलं जातं. दोई मनोविकारतज्ज्ञ. अमेरिकेत यजमानाने 'भूक आहे का?' विचारलं, यांनी भिडेपोटी नाही म्हटलं आणि यजमानाने पुन्हा विचारलंच नाही, हा किस्सा त्यातलाच. (आग्रहाची सवय असलेल्यांना त्यांची अवस्था कळेल.) सुरुवातीची प्रकरणं जरूर वाचा, पुढे पुढे 'अमाए', म्हणजे दुसऱ्याच्या मायेवर विसंबून राहणं, या एकाच किल्लीने सगळी कुलपं उघडायचा हट्ट जाणवतो.

नाकाने वाचून झाल्यावर लगेच बेनेडिक्टकडे वळू नका. मध्ये योशिओ सुगिमोतो यांचं 'अॅन इंट्रोडक्शन टू जॅपनीज सोसायटी' घाला. ते पाठ्यपुस्तकी आहे, गोडी बेताची, पण 'जपानी माणूस असा असतो' या वाक्यालाच ते आव्हान देतं. बहुतेक कामगार लहान-मध्यम उद्योगांत असतात, आजन्म नोकरी मोजक्यांच्या वाट्याला येते, उत्तरेकडचे मूळनिवासी ऐनू, दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांचे लोक, कोरियन वंशाचे रहिवासी आणि बुराकुमिन यांचं जपान वेगळं असतं, हे त्यात वर्ग, लिंग, प्रदेश असं खोलून दाखवलं आहे. बेनेडिक्ट त्यानंतर वाचलं तर १९४०च्या दशकाचा दस्तऐवज म्हणून खरी मजा देतं.

खरेदीचं म्हणाल तर, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे बेनेडिक्ट यांचं पुस्तक इथे कुणीही छापू शकतं. घेण्याआधी छपाई आणि मजकूर पूर्ण आहे ना ते बघा. नाकाने यांची जुनी प्रत बिनधास्त घ्या, युक्तिवाद तोच आहे. सुगिमोतो यांची मात्र १९९७ची पहिली आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी नको. त्या पुस्तकाचं बळ आकडेवारीत आहे आणि ती पुढच्या आवृत्त्यांत बदलत गेली आहे.