भिंतीवरची तार की बिलावरचा नंबर? घरचा बंद फोन इंटरनेटसाठी चालू करण्याआधी

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आत्याच्या घरी फोन बंद पडून तीनेक वर्षं झाली होती. भाचा पुण्याहून सहा महिने घरून काम करायला येणार म्हटल्यावर आत्याचा हिशेब सरळ होता: "लाइन हाय की घरात. ती चालू करून घ्यायची, नवीन कनेक्शनला कशाला पैसे घालायचे?" ज्यांच्या घरी असा मुका सेट क्रोशाच्या रुमालाखाली बसलाय, त्या बहुतेकांना असंच वाटतं. तिच्यासाठी चौकशी करताना जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

आधी 'बंद' म्हणजे नक्की काय ते बघा. एक, तार मेलेली असते पण कनेक्शन चालू असतं. म्हणजे टोन येत नाही, बिल मात्र येतं. दोन, बिल थकल्यामुळे किंवा अर्ज दिल्यामुळे कनेक्शनच कापलेलं असतं. खर्चाच्या दृष्टीनं ही दोन वेगळी दुखणी आहेत. आत्याच्या घरी पहिलं निघालं. रंगकामाच्या वेळी रंगाऱ्यानं भिंतीवरच्या डबीवरून सरळ ब्रश फिरवला होता. चाकूनं कडा सोडवून झाकण काढलं, तर आत दोन्ही स्क्रूंवर हिरवा गंज आणि कोपऱ्यात कुंभारमाशीचं मातीचं घर. पण महिन्याचं बिल आतेभावाच्या खात्यातून आपोआप जात होतं. ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तीन वर्षं मुक्या फोनचं भाडं भरलं म्हणून आत्यानं कपाळावर हात मारला खरा, पण पुढं तेच कामाला आलं.

आता पर्याय. पहिला, तीच तांब्याची तार जिवंत करायची. कनेक्शन कापलेलं असेल तर जुनी थकबाकी आधी भरावी लागते, मग नव्यानं अर्ज. यात डिपॉझिट, तांब्यावर चालणारा मॉडेम आणि घरातली वायर धरा. जुन्या घरांत दाराच्या चौकटीवरून खिळे मारून नेलेली चपटी वायर असते. बोलायला ती चालते, इंटरनेटला नाही. हे सगळं फार महाग नाही, पण बदल्यात मिळतं काय? तांब्यावरच्या ब्रॉडबँडचा कागदावरचा वेग सेकंदाला २४ मेगाबिट. तो टेलिफोन एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला. अंतर वाढेल तसा वेग गळतो, आणि वाटेतल्या प्रत्येक गंजक्या जोडावर आणखी थोडा. एक्स्चेंजपासून दोन-तीन किलोमीटरवर ८-१० मिळाले तरी चांगलं म्हणायचं. खरी अडचण उलट्या दिशेची आहे. वर पाठवायचा वेग बहुतेक १ मेगाबिटच्या आसपास. १ जीबीची फाइल ऑफिसला पाठवायला त्या वेगानं सव्वादोन तास लागतात. व्हिडिओ कॉलवर भाच्याचं तोंड उघडं आणि आवाज गायब, हे ठरलेलं.

शिवाय मासिक भाडं काही निम्मं होत नाही. ५०० रुपयांची योजना घेतली तर १८ टक्के जीएसटी धरून ५९०, वर्षाचे ७,०८०. त्यापुढं सुरुवातीला वाचलेले हजार-पाचशे किस झाड की पत्ती! आणि मुळात बीएसएनएल स्वतःच तांब्याचे ग्राहक फायबरवर, म्हणजे काचेच्या बारीक केबलवर, आणतेय. तेव्हा या तारेवर नव्यानं पैसे घालणं म्हणजे पाडायला काढलेल्या वाड्याला रंग देणं.

तांब्याच्या बाजूनं एक गोष्ट लोक हमखास सांगतात: लाइट गेली तरी फोन चालतो. खरं आहे, साध्या सेटला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची वीज तारेतूनच मिळते. पण ती फोनला. मॉडेमला घरचीच लाइट लागते, म्हणजे इंटरनेट तिथंही बंदच.

दुसरा पर्याय, आणि माझा कौल यालाच: नंबर तोच ठेवून कनेक्शन तांब्यावरून फायबरवर घ्यायचं. जुन्या तारेला हातही लागत नाही, खांबावरून नवी बारीक केबल घरात येते. तिच्या टोकाच्या डब्याला मागं फोनचं भोक असतं, त्यात तोच जुना सेट लागतो. म्हणून वर म्हटलं की बिल चालू होतं ते कामाला आलं. तार मेली तरी बिघडत नाही, नंबर जिवंत पाहिजे. तो कापून बराच काळ गेला असेल तर परत मिळेलच असं नाही. खासगी कंपनीकडं मोबाइलसारखा तो पोर्टही करता येत नाही, कारण आपल्याकडं लँडलाइनला ती सोयच नाही. तुमच्या घरचा नंबर आता कुणीच फिरवत नसेल तर हा मुद्दा सोडून द्या. आत्याचा मात्र सहा आकडी होता तेव्हापासून सगळ्या भावकीला पाठ आहे. पुढं २ लागला तोही लोकांनी पाठ केला.

इथं पैसे भरण्याआधी डब्याचं विचारून घ्या: विकत, भाड्यानं की डिपॉझिटवर? आणि केबल किती मीटरपर्यंत फुकट ओढणार? बोळाच्या आतलं घर असेल तर खर्च तिथंच वाढतो.

तिसरा पर्याय गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर. आज सांगितलं तर उद्या माणूस शिडी घेऊन दारात. तक्रार करायला कार्यालय शोधावं लागत नाही, कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर तो भेटतो. हा फायदा मी कमी लेखत नाही. पण सहा महिन्यांचे पैसे एकदम भरायला सांगतात, आणि राउटरचं डिपॉझिट तोंडी असतं. माझेच असे पैसे एका ठिकाणी अडकले. राउटर परत दिला, पावती नव्हती, विषय संपला. वरून लोंबणाऱ्या केबली गणपतीच्या मिरवणुकीत उंच देखाव्याला अडकून तुटतात, तेव्हा कुणाची आधी जोडली जाणार हे ओळखीवर.

चौथा, वायरविना. जिओचं एअरफायबर सप्टेंबर २०२३ मध्ये आलं तेव्हा सर्वांत स्वस्त योजना ५९९ अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे ७०७ रुपये, आणि बसवायचे १,००० वेगळे होते. तेव्हाचा वेग ३० मेगाबिट. गच्चीवर डबा बसवायचा असतो, टॉवरचा सिग्नल चांगला हवा. भाड्याच्या घरात किंवा केबल पोचतच नाही अशा नव्या वसाहतीत हे सोयीचं. मुक्काम महिना-दोन महिन्यांचाच असेल तर तेही नको, मोबाइलचा हॉटस्पॉट पुरे.

नदीकाठच्या भागातल्यांनी पाण्याचाही विचार करावा. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांच्या दारात आला त्यांना वेगळं सांगायला नको. तांब्याच्या जोडात पाणी शिरलं की फोनवर खरखर सुरू होते आणि पुढं गंज चढत राहतो. फायबरच्या काचेला पाण्याचं तेवढं वावडं नाही, पण तिच्या दोन्ही टोकांच्या यंत्रांना वीज लागते, आणि पुरात आधी तीच बंद करतात. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोका पातळी गाठली की यातलं कुठलंच कनेक्शन छातीठोक धरू नका. डबा तेवढा खालच्या मजल्यावर बसवू नका.

आत्यानं शेवटी नंबर फायबरवर घेतला. जोडणाऱ्या पोरानं जुनी चपटी वायर उपटून भेंडोळं तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "काकी, टाकू का हे?" ती म्हणाली, "र्‍हाऊ दे, कपडे वाळत घालायला हुईल." भाच्याच्या ऑफिसच्या कॉलआधी पहिला फोन सांगलीच्या बहिणीला झाला, लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावायचं हे विसरून दोनदा चुकल्यावर. लाइट गेली की आता दोन्ही बंद पडतं, म्हणून राउटरला लावायचा छोटा यूपीएस घ्यायचा आहे. तो पावसाळ्याआधी आणेन म्हणालोय.